कॉल लावायचा तर काम घेऊन लावा

५ मे २०२५ रोजी स्काईप कायमचं बंद झालं. आपल्याकडं ही बातमी फारशी कुणी मनावर घेतली नाही, कारण तोवर सगळे व्हॉट्सॲप आणि गूगल मीटवर गेले होते. पण जगभरातल्या कितीतरी शिक्षकांनी परदेशातला पहिला वर्ग पाहिला तो स्काईपवर. ‘मिस्टरी स्काईप’ हा त्यांचा लाडका खेळ. दोन वर्ग पडद्यावर समोरासमोर बसायचे, समोरचा वर्ग कुठल्या देशातला हे मुलांना सांगितलेलं नसायचं, आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारत ते हुडकून काढायचं. तुमच्या देशाला समुद्र लागतो का? तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? तुमच्याकडं आत्ता सकाळ आहे का? नकाशा पुढ्यात घेऊन दहा-बारा वर्षांची पोरं एकेक खंड बाद करत जातात तेव्हा भूगोल त्यांच्या हातात येतो. ॲप गेलं म्हणून हा खेळ बंद पडायचं काही कारण नाही.

आज साताऱ्या-सांगलीतल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर मोठा टीव्ही किंवा डिजिटल फळा आहे. काही सरकारी योजनेतून आले, काही आमदार फंडातून, काही ग्रामपंचायतीच्या निधीतून आणि बरेचसे लोकवर्गणीतून. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या गावकऱ्यांनी पैसे गोळा करून गावच्या शाळेला टीव्ही दिला, अशी गावं पाटण आणि जावळी खोऱ्यात सापडतील. यंत्र आलंय. आता परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल लावण्याची हौसही वाढते आहे. तेव्हा हा कॉल कशासाठी लावायचा, कुणाला लावायचा आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्च करावा का, हे उघडपणे बोलायची वेळ आली आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. असे कॉल जरूर लावावेत आणि त्यासाठी सरकारनं पैसाही द्यावा. मात्र दोन्हीकडच्या मुलांना मिळून करायचं काम हातात नसेल तर कॉल लावू नये. नुसती ओळख, नुसतं टाटा आणि नुसता फोटो यांसाठी लावलेल्या कॉलमधून मूल जगाबद्दल फारसं काही शिकत नाही. जगापुढं आपण कसे दिसतो याची धास्ती मात्र शिकतं.

असा एक कार्यक्रम मी पाहिला आहे. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एका शाळेचा नाही. सभागृहात बॅनर, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, सतरंजीवर मुलं. युरोपातल्या एका वर्गाशी बोलायचं होतं. इस्त्रीचा गणवेश घातलेली मोजकी मुलं पाठ केलेले इंग्रजी प्रश्न घेऊन ओळीत उभी. ‘व्हॉट इज युवर नॅशनल ॲनिमल?’ असं एका मुलानं खणखणीत विचारलं. तिकडून उत्तर आलं, एकीनं हसत काही पुढंही सांगितलं. मुलाला ते कळलं नाही. त्यानं बाईंकडं पाहिलं, ‘थँक्यू’ म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. पुढच्या मुलीनं पुढचा प्रश्न विचारला. माझ्याजवळ सतरंजीवर बसलेली सहावी-सातवीतली एक पोरगी शेजारणीला हळूच म्हणाली, “त्यांच्याकडं पण ऊसतोड असती का गं?”

त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न तो होता आणि तो माईकपर्यंत पोचलाच नाही. पोचला असता तर काय झालं असतं बघा. युरोपात साखर मुख्यतः बीटापासून होते. बीट हे थंड हवेतलं कंदमूळ, ते यंत्रानं उपटतात. म्हणजे तिथं कोयता घेऊन फडात उतरणारी टोळी नाही, खोपीत राहणारं कुटुंब नाही, दिवाळीनंतर शाळा सोडून आईबापामागं निघालेलं पोर नाही. मग आपल्याकडं अजून का आहे, हा पुढचा प्रश्न त्या पोरीनं स्वतःच विचारला असता. तिकडच्या मुलांनाही कळलं असतं की साखर गवताच्या जातीच्या एका पिकातून निघते आणि ते पीक कापायला माणसं शेकडो किलोमीटरवरून येतात. एका प्रश्नात शेती, भूगोल, मजुरी, सगळं आलं असतं. पाठ केलेल्या यादीत ते बसत नव्हतं.

अशा कार्यक्रमात मुलांना न सांगता एक गोष्ट सांगितली जाते. समोरचे मोठे आणि आपण त्यांना दाखवायला उभे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात हे घडू द्यायला नको, कारण अनोळखी माणसं एकमेकांच्या जवळ कशी येतात याचा फार मोठा प्रयोग इथंच झालेला आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एकत्र राहिली. एकमेकांच्या हातचं खाणं सोडाच, सावलीही टाळायची असा तो काळ. भाऊरावांनी या मुलांना समतेवरची व्याख्यानं ऐकवण्यापेक्षा कामाला लावलं. मिळून स्वयंपाक, मिळून शेतातली मेहनत, मिळून अभ्यास. भाकरी थापायची तर पीठ कुणी मळलं हे विचारायला सवड राहत नाही.

पुढं १९५४ साली गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांडलं की दोन गटांची नुसती गाठभेट झाल्यानं एकमेकांबद्दलचे पूर्वग्रह जात नाहीत. त्यासाठी त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा लागतो, दोघांना एकच काम साधायचं असावं लागतं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होणार नाही अशी स्थिती लागते, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा लागतो. शाहू बोर्डिंगमध्ये या चारही गोष्टी तीस वर्षं आधीच होत्या. मी व्हिडिओ कॉलला लावतो ती कसोटी हीच. मघाच्या सभागृहात चौथी गोष्ट भरपूर होती, पहिल्या तीन नव्हत्या.

आता कॉल कुणाला लावायचा ते बघू. हौस बहुतेकांना अमेरिकेची किंवा इंग्लंडची असते. पण घड्याळ काय सांगतं? न्यूयॉर्कमधली शाळा सकाळी नऊला भरते तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात, संध्याकाळचे. म्हणजे आपल्या मुलांना रात्री शाळेत बोलवायचं, नाहीतर तिकडच्यांना. हे वर्षातून एकदा जमेल, दर पंधरवड्याला नाही. लंडनशी हिवाळ्यात दुपारी अडीचनंतर तास-दोन तास जुळतात. पण केनिया आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागं आहे, व्हिएतनाम दीड तास पुढं, बांगलादेश अर्धा तास, नेपाळ तर जेमतेम पाव तास. या देशांतल्या मुलांशी भर शाळेच्या वेळात, नेहमीच्या तासाला, कुठलाही समारंभ न करता बोलता येतं.

यात दुसराही फायदा आहे. केनियातल्या मुलालाही इंग्रजी घरात मिळालेली नसते. तो घरी किकुयू किंवा लुओ बोलतो, रस्त्यावर स्वाहिली, आणि इंग्रजी शाळेत शिकतो. आपलं पोरगं ‘ही गो’ म्हणालं तर तिकडचं पोरगं त्याला हसणार नाही, कारण तेही कधी अडखळतं. दर्जा सारखा असणं म्हणतात ते इथं आपोआप येतं.

काम कसलं द्यायचं याचं एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘उपक्रम घ्या’ म्हणणं सोपं असतं. पृथ्वीचा घेर मोजायचा. एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये सावलीवरून तो काढला होता. आजही जगभरच्या शाळा विषुवदिनाच्या सुमारास, म्हणजे २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आगेमागे, जोड्या लावून हा प्रयोग करतात. समजा साताऱ्याची एक शाळा आणि नैरोबीची एक शाळा यांची जोडी जमली.

दोन्हीकडं एक मीटरची सरळ काठी अंगणात उभी करायची. ओळंबा लावून तपासायची. गवंड्याचं पोर वर्गात असेल तर ते काम त्याचं. दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूनं खूण करायची. सगळ्यात आखूड सावली तीच खरी मध्यान्हाची. मार्चमध्ये साताऱ्यात ती बाराला पडत नाही, बारा एक्केचाळीसच्या सुमारास पडते, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आहे आणि सातारा आहे चौऱ्याहत्तरावर. घड्याळातले बारा आणि डोक्यावरचा सूर्य यांच्यात इतका फरक असतो हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं. नैरोबीतही त्यांच्या घड्याळात बारा चाळीसच्याच आसपास मध्यान्ह होते, म्हणजे आपल्या तीन-दहाला. साडेतीनला कॉल लावायचा, दोन्हीकडं शाळा भरलेली असते.

साताऱ्याची सावली साधारण ३२ सेंटिमीटर येते. वहीवर १० सेंटिमीटर उंचीचा आणि ३.२ सेंटिमीटर पायाचा काटकोन त्रिकोण काढून वरचा कोन कोनमापकानं मोजला तर १८ अंशांच्या जरा आत येतो. त्रिकोणमिती येत नसली तरी चालतं. नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी खाली, त्यांची सावली जेमतेम २ सेंटिमीटर, कोन एक अंशाहून थोडा जास्त. आता या दोन कोनांची बेरीज करायची का वजाबाकी? इथं वर्ग अडतो. वजाबाकी केली तर साडेसोळा अंशांच्या आत उत्तर येतं आणि पृथ्वी फुगून सेहेचाळीस हजार किलोमीटर घेराची होते. चूक कुठं झाली हे एकट्या साताऱ्याच्या वर्गाला कळायला मार्ग नाही. समोरच्यांना विचारावंच लागतं की बाबांनो, तुमची सावली कुठल्या बाजूला पडली? ते सांगतात, दक्षिणेला. आपली उत्तरेला. म्हणजे सूर्य दोघांच्या मध्ये कुठंतरी आहे, तेव्हा बेरीज करायची. १९ अंश, पृथ्वीच्या पूर्ण गोलाच्या ३६० अंशांपैकी एवढे दोन्ही गावांच्या मध्ये. नकाशावर दोन्ही गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर साधारण २,१०० किलोमीटर. ते ३६० नं गुणून १९ नं भागायचं. उत्तर येतं ३९,८०० च्या आसपास, आणि पृथ्वीचा खरा घेर आहे ४० हजार किलोमीटर.

हा कॉल पंधरा मिनिटांचा. इंग्रजी लागतं ते नॉर्थ, साऊथ, शॅडो, आणि आकडे एवढंच. पण या पंधरा मिनिटांत दोन्ही वर्गांना एकमेकांची गरज होती. सातारच्या पोरांनी खडूची खूण चुकवली असती तर नैरोबीच्या पोरांचं उत्तर चुकलं असतं. अशा कामानंतर ‘तुझं नाव काय, तुला भाऊ किती’ हे प्रश्न आपणहून येतात, तेव्हा त्यांना अर्थ असतो.

सांगलीकडं वेगळं काम आहे. तिथल्या मुलांनी जे पाहिलंय ते जगातल्या फार थोड्या मुलांनी पाहिलं असेल. २००५, २०१९, २०२१, असे पूर कृष्णेला आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. गावभागातल्या पोराला विचारा, कुठल्या फुटाला पाणी कुठल्या गल्लीत शिरतं ते तो सांगेल. घरातला फ्रीज माळ्यावर कधी चढवायचा, म्हैस कधी सोडायची, हे त्याला माहीत आहे. हे ज्ञान आहे, आणि कॉलवर देण्याजोगं आहे. बांगलादेशात चलन बील नावाचा मोठा पाणथळ भाग आहे. तिथं पावसाळ्यात रस्ते बुडतात, म्हणून २००२ पासून शाळाच होडीवर भरतात. ती होडी घाटाघाटावरून मुलं गोळा करते, एका जागी नांगरते आणि वर्ग सुरू होतो. सांगलीत मात्र पूर आला की शाळा बंद होते आणि वर्गखोल्यांत पूरग्रस्त येऊन राहतात. दोन्हीकडच्या मुलांनी आपापल्या गावाचा पाण्याचा नकाशा काढावा, पातळी नोंदवावी, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आकडे एकमेकांना पाठवावेत. कुठं पाणी तासाला किती चढतं, कुठं दिवसाला किती चढतं, ओसरायला कुठं जास्त दिवस लागतात, का लागतात. यातून पोरांना जे कळेल ते आपल्या पूर नियंत्रणाच्या बैठकांतही कधी कधी कळलेलं दिसत नाही.

पण मला सगळ्यात गरजेचा वाटतो तो कॉल बांगलादेशाला नाही, कर्नाटकातल्या बागलकोटला. कृष्णेवरच खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. सांगली-कोल्हापुरात त्याविरुद्ध आंदोलनं झाली, फुगवट्यानं आपण बुडू ही इथली भीती. पलीकडं बागलकोटचा जुना भाग आणि कितीतरी गावं त्याच अलमट्टीच्या जलाशयात गेली, माणसं नवनगरात नेऊन वसवली. आपल्या कोयनेत हेच झालं होतं. शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची नातवंडं आज सातारा-सांगलीच्या शाळांत आहेत. दोन्हीकडची मुलं धरणानं उठवलेल्या माणसांची, आणि दोघांनाही शिकवलं जातंय की पलीकडचा आपला वैरी. या दोन वर्गांनी आपल्या आजीआजोबांना विचारून बुडालेल्या गावाचा नकाशा काढावा, कुठं देऊळ होतं, कुठं पाणवठा होता ते लिहावं, आणि एकमेकांना दाखवावं. अलमट्टीचा वाद त्यानं सुटणार नाही, तो न्यायालयात आणि अभियंत्यांच्या टेबलावर सुटायचा. पण वीस वर्षांनी त्या टेबलावर बसणारे हेच असतील.

भाषेची अडचण? त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातच आहे. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. तिथली मुलं घरी कन्नड बोलतात आणि मराठीही जाणतात. सांगली, जत आणि बागलकोट असा तिघांचा कॉल लावावा आणि मधलं दुभाषाचं काम जतच्या मुलांनी करावं. सीमावादात ज्यांच्या गावांवर दोन राज्यं हक्क सांगतात, दुष्काळात ज्यांची आठवण सगळ्यात शेवटी होते, त्या मुलांशिवाय हा संवाद होणारच नाही. दोन भाषा येणं ही अडचण नसून कमाई आहे हे त्यांना त्या दिवशी कळेल आणि बाकीच्यांनाही.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे फार मोठ्या पातळीवर करून दाखवलं. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा भांडणाऱ्या देशांतल्या तरुण मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायला बसवलं. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांचा सत्कार आपण गावोगाव केला. सत्कारांनंतर त्या कामाची पद्धत किती शाळांत गेली, हे प्रत्येक जिल्ह्यानं स्वतःला विचारायला हवं.

फलटणचा अनुभवही आपल्याजवळ आहे. शिक्षणतज्ज्ञ सुगाता मित्रा यांना २०१३ साली टेड पुरस्कार मिळाला, त्यातून भारत आणि इंग्लंडमध्ये मिळून मुलांनी इंटरनेटवर आपलं आपण शिकायची सात केंद्रं उभी राहिली आणि त्यातलं एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होतं. इंग्लंडमधल्या आणि इतर ठिकाणच्या निवृत्त शिक्षिका, आज्या, ठरलेल्या वेळी कॉलवर येऊन मुलांशी गप्पा मारायच्या, गोष्टी सांगायच्या. तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटायचे, ही त्या कल्पनेतली मोलाची गोष्ट. एका वर्षात तीस देश करणाऱ्या शाळेपेक्षा एकाच वर्गाशी वर्षभर बोलणारी शाळा मला जास्त पुढची वाटते. माझी एकच हरकत आहे. त्यात देणारे तिकडचे आणि घेणारे इकडचे अशी विभागणी राहते. ज्या फलटणमध्ये हे झालं तिथली शाळा मॅक्सिन बर्नसन या बाईंनी उभी केली. त्या अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या आणि फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी डॉक्टरेट केली. म्हणजे आपल्या पोरांचं बोलणं शिकण्याजोगं आहे असं जगातल्या एका माणसाला आधीच वाटलं होतं. मग कॉलवर आपल्या मुलानं मराठीत बोललं तर काय बिघडतं? ज्या मुलाला इंग्रजी येतं त्यानं ते सांगावं, बाईंनी मदत करावी, तिकडच्यांनी आपल्या भाषेत बोलावं. इंग्रजी बोलणाऱ्या तिघांचा कॉल करून उरलेल्या तीस जणांना प्रेक्षक बनवू नये.

याच यंत्राचा आणखी एक वापर आहे, ज्याला परदेश लागत नाही. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोड कुटुंबं कराड, वाळवा, पलूस भागात येतात. त्यांची मुलं काही महिने इथल्या शाळेत बसतात, नाहीतर फडावरच राहतात. गावच्या वर्गात त्यांची जागा तोवर रिकामी असते. आठवड्यातून एकदा इथल्या शाळेतून त्या मुलाचा त्याच्या गावच्या वर्गाशी कॉल लावून दिला तर? त्याच्या गुरुजींनी त्याचं वाचन ऐकावं, मित्रांनी चिडवावं, मार्चमध्ये तो परत जाईल तेव्हा परका वाटू नये. यासाठी कुठलाही करार नको. बीडच्या शाळेचा फोन नंबर आणि इथल्या शिक्षकाची अर्ध्या तासाची मोकळीक एवढं लागतं. कोयनेच्या पाण्यापलीकडं कांदाटी खोऱ्यात, जिथं लाँचनं जावं लागतं, तिथल्या हातावर मोजण्याइतक्या पटाच्या शाळेलाही पडद्यावरून वर्गमित्र मिळू शकतात.

इथं एक धोका आहे आणि त्याबद्दल मी कुठलीच तडजोड मानणार नाही. कमी पटाच्या शाळा बंद करून समूह शाळा काढण्याची चर्चा २०२३ पासून सुरू आहे. पडद्यावरून वर्ग जोडता येतात असं म्हटलं की कुणीतरी हिशोब मांडणारच, मग एकच शिक्षक दहा शाळांना का शिकवत नाही? कॉल हा शिक्षकाची जागा घ्यायला आणलेला नाही. सावलीच्या प्रयोगात अंगणात उभा राहून “खूण नीट कर, हात हलतोय तुझा” म्हणणारा गुरुजी नसेल तर पडदा असून उपयोग नाही. ज्या दिवशी व्हिडिओ कॉलचं कारण सांगून एका शाळेचा शिक्षक काढला जाईल, त्या दिवशी मी या सगळ्याच्या विरोधात असेन.

लोक विचारतात, मुलांना नीट वाचता येत नाही, भागाकार येत नाही, आणि तुम्ही केनियाच्या गोष्टी काय करता? प्रश्न रास्त आहे. दोन शिक्षक, पाच इयत्ता, वरून रोज भरायच्या ऑनलाईन माहित्या, अशा शाळेवर आणखी एक उपक्रम लादला तर तो फोटोपुरताच उरेल. म्हणून हे परिपत्रक काढून सगळ्यांना सक्तीचं करू नये, कॉलची संख्या मोजू नये, फोटो अपलोड करायला सांगू नये. ज्या शिक्षकाला करायचंय त्याला करू द्यावं. पण भागाकार आणि वाचन आधी, जग नंतर, हा क्रम मला मान्य नाही. २,१०० ला ३६० नं गुणून १९ नं भागायला बसलेलं पोर भागाकारच करत असतं, आणि या वेळी उत्तर चुकलं तर त्याला स्वतःला वाईट वाटतं. दुसऱ्या वर्गाला पाठवायचं पत्र लिहिताना मूल तीनदा खोडतं, कारण वाचणारं कुणीतरी खरंच आहे.

सरकारकडून काय हवं ते फार नाही. भारतनेटची फायबर पुष्कळ ग्रामपंचायतींपर्यंत आली आहे, ती तिथून शाळेपर्यंत न्यावी आणि चालू ठेवावी. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला साधारण एक जीबी डेटा जातो, आज तो बहुतेक ठिकाणी गुरुजींच्या मोबाईलमधून जातो. शाळेचं वीजबिल थकून मीटर तोडण्याची पाळी येऊ नये. टीव्हीच्या जोडीला एक बरा माईक द्यावा. पत्र्याच्या वर्गात पाऊस सुरू झाला की टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही आणि मुलांचा पलीकडं पोचत नाही, कॉल फसण्याचं कारण निम्म्या वेळा इंटरनेट नसून हेच असतं. आणि मुलांच्या माहितीची काळजी घ्यावी. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यावी असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटलं आहे. पालकसभेत हे समजावून सांगावं, सही घ्यावी, कॉल रेकॉर्ड करू नये, आणि मुलांचे चेहरे कुणाच्याही व्हॉट्सॲप स्टेटसवर जाऊ नयेत. गरीब घरचं मूल कॅमेऱ्यासमोर कसं दिसतं हे ठरवायचा हक्क त्याच्या आईबापाला आहे, कार्यक्रम घेणाऱ्याला नाही.

सुरुवात कुठून करावी? सप्टेंबरच्या विषुवदिनाला आपल्याकडं बहुधा ढग असतात, त्यामुळं सावलीचा प्रयोग मार्चवर ठेवावा. पण जोडी आत्ता जमवावी, कारण दोन वर्गांना एकमेकांची सवय व्हायला चार-पाच महिने लागतात. बागलकोटच्या कॉलसाठी तर मुहूर्तही पाहायला नको. सांगली जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी जतमधली एक कन्नड शाळा आणि कृष्णाकाठची एक मराठी शाळा निवडावी, बागलकोटच्या शिक्षण खात्याला पत्र लिहावं. पत्र मराठीत, सोबतचं कन्नड भाषांतर जतच्या गुरुजींकडून.